फॉस्फेट घालण्याआधी पाणी तपासा

महोदय,

धुणे पूर्वीसारखे स्वच्छ निघत नसेल तर डिटर्जंटबरोबर चमचाभर फॉस्फेट घालावे, असा सल्ला आपल्या पुरवणीतील घरकामाच्या सदरात वाचला. मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे आणि माझ्या घरी येणारे पाणीही चांगलेच जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेले आहे. त्यामुळे या विषयाशी माझा दोन्हीकडून संबंध येतो. हा सल्ला असाच सोडून देऊ नये असे वाटले, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट मान्य करते. ‘फॉस्फेट काढल्यापासून पावडरीत दम राहिला नाही’ ही तक्रार खोटी नाही. पावडरीतले ते फॉस्फेट म्हणजे सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट, आणि ते धुण्याच्या कामात विलक्षण गुणी द्रव्य आहे. 1946 मध्ये अमेरिकेत ‘टाइड’ ही धुण्याची पावडर बाजारात आली ती याच द्रव्याच्या बळावर, आणि पुढे काही पावडरींमध्ये वजनाने तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त फॉस्फेट असे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते आपल्या रेणूत धरून ठेवते आणि तरीही पाण्यात विरघळलेले राहते. कापडातून सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसू देत नाही. पाण्याचा अल्कधर्मीपणाही टिकवून धरते. इतकी कामे एकट्याने करणारा दुसरा पदार्थ आजही सहज सापडत नाही.

वर्गात मी एक प्रयोग दाखवत असे. काचेच्या तीन बाटल्यांत जड पाणी घ्यायचे. पहिलीत नुसता साबणाचा कीस टाकून हलवले की फेस येतच नाही, वर मळकट पांढरा साका तरंगतो. दुसरीत आधी धुण्याचा सोडा घातला तर पाणी दुधाळ होते, कारण कॅल्शियम खडूच्या रूपाने खाली बसते. मग साबण फेसाळतो, पण तो खडू पाण्यातच असतो. तिसरीत आधी पुरेसे ट्रायपॉलिफॉस्फेट विरघळवायचे. पाणी नितळच राहते आणि साबण घातल्याबरोबर बाटली फेसाने भरते. मुले तिसऱ्या बाटलीकडे बघत राहत. वाळलेला टॉवेल फळीसारखा का होतो, काळ्या कपड्यावर पांढुरके ओघळ का दिसतात, हे दुसऱ्या बाटलीत समोरच दिसते. मशीनच्या ड्रमवर साचलेल्या पांढऱ्या थरावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले की बुडबुडे येतात. तो थर बहुतांशी त्याच खडूचा असतो.

म्हणजे मूळ दुखणे पाण्याच्या जडपणाचे आहे. एकदा हे लक्षात आले की चमच्याचा हिशेबही करून बघता येतो. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये एका धुण्याला 15 लिटर पाणी आणि पाण्याचा जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे खडूच्या हिशेबाने) लिटरला 300 मिलिग्रॅम धरू. एवढे कॅल्शियम पूर्ण बांधायला सुमारे 16 ते 17 ग्रॅम ट्रायपॉलिफॉस्फेट लागते. मशीन जास्त पाणी घेणारे असले तर त्याहून जास्त. चमचाभर भुकटी इतक्या पाण्याला पुरत नाही. आणि अपुरी पडली तर ती कॅल्शियमबरोबर न विरघळणारा साका धरते व तो कापडावरच बसतो. जो चिकटा काढायला निघालो तोच वाढवून ठेवायचा!

पुरेशी घातली तर? ट्रायपॉलिफॉस्फेटच्या वजनाचा चौथा हिस्सा फॉस्फरस असतो. म्हणजे एका धुण्यामागे सुमारे 4 ग्रॅम फॉस्फरस गटारात. युरोपीय संघाने 30 जून 2013 पासून घरगुती धुण्याच्या डिटर्जंटमध्ये एका धुण्याच्या मात्रेला 0.5 ग्रॅम फॉस्फरस ही कमाल मर्यादा घातली आहे. घरी भुकटी मिसळणारा माणूस नकळत तिच्या आठपट जातो. हा फॉस्फरस गटारातून तळ्या-नद्यांत पोचला की शेवाळाचे खत होतो. शेवाळाच्या शरीरात फॉस्फरस इतका थोडा असतो की एक ग्रॅम फॉस्फरसवर कोरड्या वजनाने शंभरएक ग्रॅम शेवाळ पोसले जाऊ शकते. आता आठवड्याला चार धुणी आणि घरोघरची मशीन डोळ्यांसमोर आणा.

हे भय कागदावरचे नाही. कॅनडात ओंटारिओ प्रांतात ‘सरोवर 226’ नावाचे एक लहानसे तळे आहे, मधे कंबर आवळल्यासारखे. सरोवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये त्या कंबरेवर प्लास्टिकचा पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडले, दुसऱ्यात तेच दोन्ही आणि वर फॉस्फरस. फॉस्फरस पडलेला भाग नीलहरित शेवाळाने हिरवागार झाला, शेजारचा तसाच राहिला. विमानातून घेतलेले ते छायाचित्र ज्याने पाहिले तो ते विसरत नाही. शेवाळ कार्बनमुळे वाढते की फॉस्फरसमुळे, यावर तोवर डिटर्जंट उद्योगांची आणि शास्त्रज्ञांची जुंपली होती. त्या एका पडद्याने वाद जवळजवळ मिटवला.

यावर हमखास म्हटले जाते की खरा फॉस्फरस शेतातल्या खतांमधून येतो, धुण्याला कशाला दोष देता? यात तथ्य आहे. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरील ईरी सरोवर डिटर्जंट आणि सांडपाण्यातील फॉस्फरसवर लगाम आल्यावर बरेच सुधारले आणि पुढे शेतातून वाहून येणाऱ्या फॉस्फरसने पुन्हा हिरवे झाले. ऑगस्ट 2014 मध्ये त्याच्या काठच्या टोलिडो शहरात काही लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले, कारण त्यात शेवाळाचे विष सापडले होते. उकळूनही ते विष जात नाही. पण खताशिवाय पीक उभे करणे शेतकऱ्याला कठीण आहे, फॉस्फेटशिवाय शर्ट धुणे आपल्याला तितके कठीण नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भिस्त ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की नेहमीच्या प्रक्रियेत फॉस्फरसचा काही भागच निघतो, उरलेला काढायला लोह किंवा तुरटीसारख्या क्षारांची वेगळी व्यवस्था लागते. आणि एकदा तळाच्या गाळात जाऊन बसलेला फॉस्फरस प्राणवायू संपला की पुन्हा वर येतो. नवे येणे थांबल्यावरही तळे वर्षानुवर्षे सावरत नाही.

सदरात आणखी एक चूक आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. नुसते ‘फॉस्फेट’ असे छापले आहे. त्या नावावर एखाद्याच्या हाती ट्रायसोडियम फॉस्फेट पडेल. ते रंगकामाआधी भिंतीचा तेलकटपणा काढायला वापरतात. त्याचे द्रावण इतके तीव्र अल्कधर्मी असते की हात भाजल्यासारखे होतात, लोकर आणि रेशीम खराब होते. शिवाय ते कॅल्शियम बांधून ठेवत नाही, त्याचा साकाच करते.

मग करायचे काय? माझ्या घरी जे केले ते सांगते. आधी तपासपट्टीने पाण्याचा जडपणा मोजला. डिटर्जंटच्या पुड्यावर जड पाण्यासाठी वेगळी मात्रा दिलेली असते, ती मी कधी वाचलीच नव्हती. ती पाळली. मग डिटर्जंटबरोबर सोडियम सायट्रेट, म्हणजे सायट्रिक आम्लाचा क्षार, घालू लागले. फॉस्फेटइतकी त्याची पकड घट्ट नाही, पण ते जैविकरीत्या विघटन पावते आणि त्यात फॉस्फरस नाही. मळकट कॉलर आणि बाह्या कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजत ठेवते, कारण आजच्या पावडरींतल्या, डाग तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) घाई चालत नाही. शेवटच्या विसळणीत थोडे लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) घातले की उरलेला खडू निघतो आणि टॉवेल मऊ पडतो. मात्र क्लोरीनच्या ब्लीचबरोबर आम्ल कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. लिंबूफूल थेट डिटर्जंटमध्येही टाकू नये, त्याचा अल्कधर्मीपणा मारला जातो.

पांढरे कपडे जुन्या पावडरीइतके लखलखीत निघतात असा माझा दावा नाही. पण आता ते मळकट दिसत नाहीत आणि टॉवेल अंगाला बोचत नाही.

सदर लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. माझी विनंती एवढीच की पुढच्या अंकात हा सल्ला मागे घ्यावा, ट्रायसोडियम फॉस्फेटबद्दलचा इशारा ठळक छापावा आणि त्याच चौकटीत तीन बाटल्यांचा प्रयोग द्यावा.

आपली,
एक वाचक