वाचलेली वीज मोजणार कोण? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ऊर्जा कार्यक्षमता योजनांमधली बचत स्वतंत्र अर्थतज्ज्ञांकडून तपासून घेण्याबाबत, आणि आमच्या सोसायटीकडून चाललेली वसुली थांबवण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

ठाण्यात वर्तकनगरला आमची चार मजली, दोन विंगची जुनी सोसायटी आहे. मी तिची खजिनदार. त्याआधी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. गेल्या आठवड्यात, सोसायटीने घेतलेल्या ऊर्जा कार्यक्षमता योजनेचे एकाच पाकिटातून दोन कागद आले. पहिले प्रमाणपत्र : आपण वर्षभरात १५ हजार युनिट वीज वाचवली, हार्दिक अभिनंदन. दुसरी नोटीस : या बचतीपोटी थकलेले हप्ते व्याजासह पंधरा दिवसांत भरा, अन्यथा कायदेशीर कारवाई करू.

आमचा कॉमन मीटर आधी वर्षाला एकूण १९ हजार युनिटांच्या आसपास फिरत होता. त्यातले १५ हजार खरोखर वाचले असते तर आमच्या जिन्यात काळोख असता आणि गच्चीवरच्या टाकीत थेंब नसता. सगळी बिले माझ्याकडे फाइलला लावलेली आहेत. वर्षाला घट आहे जेमतेम चार हजार युनिटांची. चार हजारही थोडे नव्हेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण हप्ते लावलेत ते पंधरा हजारांवर.

ही योजना शासनाच्या आशीर्वादाने आली म्हणूनच लोकांनी विश्वास ठेवला. चोकवाल्या ट्यूब जातील, एलईडी येतील, पाण्याची मोटर बदलेल, खिशातून पैसा जाणार नाही. जी वीज वाचेल तिच्याच पैशांतून हप्ते फिटतील, आणि बचत झाली नाही तर हप्ताही नाही. हे शेवटचे वाक्य जनरल बॉडीत सगळ्यांसमोर ठासून सांगितले गेले, तेव्हा कुठे सभासदांचे हात वर झाले. करारात मात्र बचत म्हणजे बिलातली घट नाही. तिथे बचत म्हणजे परिशिष्टातल्या सूत्रातून निघणारी संख्या.

ते सूत्र आपण एकदा पाहावे. दिवे ६४, प्रत्येक दिव्यामागे ३२ वॉटची बचत, रोज १२ तास, वर्षाचे ३६५ दिवस. मोटर रोज १० तास. आमच्याकडे पालिकेचे पाणी ठरलेल्या वेळेला आणि कमी दाबाने येते. मोटर चार तासांच्या वर चालत नाही, कारण पुढे तळटाकीत उपसायला पाणीच नसते. आणि त्या ६४ ट्यूबपैकी वीसएक कित्येक वर्षे बंद पडलेल्या होत्या. बंद ट्यूबच्या जागी एलईडी लावला की वीज वाचत नाही, नव्याने खर्च होते. जिना उजळला हे चांगलेच झाले. पण सूत्राच्या हिशेबात त्या मेलेल्या ट्यूबनेही रोज बारा तास वीज वाचवली आहे, आणि तिचा हप्ता आमच्याकडून मागितला जातो आहे.

संबंधित अधिकाऱ्यांना मी बिले दाखवली. ते म्हणाले, मॅडम, बिल आम्ही बघत नाही, बचत सूत्राने ठरते. माझ्या वर्गात सातवीच्या मुलाने पडताळा न करता उत्तर लिहिले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

ही नवी मोटर मे महिन्यात सारखी ट्रिप होत होती. ऐन उकाड्यात, घामाने अंग चिकट झालेले असताना, मी खालून तिसऱ्या मजल्यावर बादल्या नेल्या. माझे वय सदुसष्ट. यजमानांची अँजिओप्लास्टी झालेली, त्यांना बादलीला हात लावू देता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजी आठवडाभर लेकीकडे कल्याणला राहिल्या. मेंटेनन्स दर फ्लॅटमागे तीनशे रुपयांनी वाढवावा लागला. दोघांनी भरायला साफ नकार दिला आहे आणि त्यांना मी कोणत्या तोंडाने मागू? सर्वांत जास्त लागले ते निराळेच. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सभासदाने लिहिले, ‘बाईंना यात किती मिळाले ते आधी सांगा.’ ज्या माणसाच्या मुलीला मी एक पैसा न घेता दहावीचे गणित शिकवले, त्याने हे लिहिले. मंत्रीमहोदय, तुमच्या खात्याच्या एका सूत्रापायी चाळीस वर्षांची माझी इभ्रत जिन्यात टांगली गेली आहे.

आता मुद्द्याचे बोलते. आमच्यापुरते हे असेल अशी माझी आधी समजूत होती. निवृत्तीनंतर वेळ असतो, म्हणून वाचायला बसले. तेव्हा कळले की जगभरात अर्थतज्ज्ञांचा एक वर्ग नेमके हेच काम करतो. ऊर्जा वाचवणाऱ्या योजना जाहीर झाल्या, पैसा खर्च झाला, त्यातून प्रत्यक्षात किती वीज वाचली हे ते लोकांच्या बिलांवरून तपासतात.

अमेरिकेत मिशिगन राज्यात गरिबांच्या घरांना थंडीपासून संरक्षण देऊन इंधन वाचवायची सरकारी योजना आहे. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरिन वोल्फ्रॅम या तिघांनी ३० हजारांहून जास्त कुटुंबे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही कुटुंबे निवडून त्यांना योजनेत यायचा आग्रह केला, बाकीच्यांना तसेच राहू दिले, आणि दोन्हीकडची बिले ताडून पाहिली. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इंजिनिअरांच्या सूत्राने सांगितलेली बचत खऱ्या बचतीच्या तिपटीहून अधिक निघाली, आणि जेवढे इंधन वाचले त्याच्या किमतीच्या सुमारे दुप्पट खर्च घरांवर झालेला होता. लोकांनी घर जास्त ऊबदार ठेवायला सुरुवात केली म्हणून बचत घटली का, हेही त्यांनी तपासले. तसे फारसे आढळले नाही. घोळ सूत्रातच होता.

मेक्सिकोत २००९ पासून जुना फ्रिज किंवा एसी देऊन नवा घेण्याची योजना झाली. सुमारे १९ लाख उपकरणे बदलली गेली. लुकास डेव्हिस, अ‍ॅलन फुक्स आणि पॉल गर्टलर यांनी बिले तपासली. फ्रिज बदललेल्या घरांत वीज वाचली, पण अंदाजाच्या साधारण एक चतुर्थांश. नवे फ्रिज मोठे होते, आणि दिलेले जुने फ्रिज गृहीत धरले होते तेवढे जुने नव्हते. एसी बदललेल्या घरांत तर विजेचा वापर वाढला, कारण नवा एसी चालवायला स्वस्त, म्हणून लोकांनी तो जास्त वेळ चालवला. अंदाजाचा चौथा हिस्सा! वर्तकनगरला आमचे पंधरा हजारांतले चार हजार काय वेगळे सांगतात?

परदेशचे इथे लागू नाही असे कोणी म्हणेल, म्हणून शेजारच्या गुजरातचेही सांगते. निकोलस रायन यांनी तिथल्या कारखान्यांवर प्रयोग केला. काहींना ऊर्जा सल्लागार दिले, काहींना नाही. सल्ला मिळालेले कारखाने विजेचा वापर अधिक चांगल्या रीतीने करू लागले, पण विजेची एकूण मागणी काही घटली नाही. ते जास्त तास चालू लागले. यात वाईट काहीच नाही, उत्पादन वाढले, कामगारांना काम मिळाले. वापर कार्यक्षम झाला की एकूण खप घटण्याऐवजी वाढू शकतो, हे जेव्हन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने इंग्लंडच्या कोळशाबद्दल १८६५ सालीच लिहून ठेवले होते. माझे म्हणणे एवढेच की मिळालेला फायदा त्याच्या खऱ्या नावाने लिहा. जिना उजळला तर उजेड लिहा, घरात गारवा आला तर गारवा लिहा. वाचलेल्या युनिटांच्या रकान्यात तो भरू नका.

आता आपल्या देशाचे सर्वांत गाजलेले काम घेऊ. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली. ३६ कोटींवर एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारी खरेदीचा दर बल्बमागे ३१० रुपयांवरून ३८ रुपयांवर आला, आणि ही कामगिरी मी मनापासून मानते. पण बचत सांगितली जाते वर्षाला सुमारे ४,७०० कोटी युनिट. भागाकार करा. बल्बमागे वर्षाला १३० युनिट पडतात. ६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला तर एवढी वीज वाचायला तो रोज सात तास, वर्षाचे सगळे दिवस पेटलेला हवा. प्रत्येक बल्ब, न्हाणीघरातला आणि माळ्यावरचाही. शिवाय त्या जागी आधी पिवळा बल्बच होता, सीएफएल नव्हता, हेही धरावे लागते. आणि बाजारात एलईडी इतका स्वस्त झाल्यावर लोकांनी तो स्वतःहून घेतलाच असता, ती बचत योजनेच्या नावावर कशी टाकायची? अर्थतज्ज्ञ नेमका हाच प्रश्न आधी विचारतात : योजना नसती तर काय झाले असते?

आपल्याकडे हे विचारणारे कोणी नाहीत असे नाही. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने घराघरांत मीटर बसवून लोक प्रत्यक्षात कशी वीज वापरतात ते नोंदवले आहे. आमच्यापासून जवळच पवईला आयआयटी आहे, गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. योजनांची अशी चिठ्ठ्या टाकून परीक्षा घेण्याच्या पद्धतीसाठी २०१९ चे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक, अभिजीत बॅनर्जी, यांचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी. आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगाने तर २०१० मध्येच अशा योजनांचा किफायतशीरपणा तपासण्याचे विनियम केले. माणसे आहेत, नियम आहेत. मग आमच्या नोटिशीवर परिशिष्टातले सूत्रच का?

कारण तपासणी कोणालाच नको आहे! कंत्राटदाराला बिल मंजूर करून हवे, अधिकाऱ्याला उद्दिष्ट गाठल्याचा अहवाल हवा, तुम्हाला भाषणात आकडा हवा. खरा आकडा एक चतुर्थांश निघाला तर तिघांचीही अडचण. आणि हे एकट्या विजेचे नाही. जलयुक्त शिवारावर नऊ हजार कोटींच्या वर खर्च झाला, कामांची मोजणी झाली, आणि भूजल मात्र त्या प्रमाणात वाढले नाही हे २०२० मध्ये कॅगला सांगावे लागले. २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडे लावायची ठरली. खड्डे मोजले, रोपे मोजली. आज त्यातली किती उभी आहेत हे कोणता मंत्री छातीवर हात ठेवून सांगेल? या राज्यात वाटलेले मोजले जाते, लावलेले मोजले जाते, खर्चलेले मोजले जाते. लोकांच्या पदरात काय पडले हे मोजायला कोणी येत नाही. आले तर सगळे संपल्यावर, पाच वर्षांनी येतात, आणि तोवर मंत्री बदललेले असतात.

विजेच्या बाबतीत तर तुम्हाला सबबही नाही. घरोघर स्मार्ट मीटर लावण्याचा धडाका सुरू आहे. ते मीटर दिवसभरातल्या वापराची तासातासाची नोंद ठेवतात. थकबाकीपोटी वीज कापायला ती नोंद चालते, तर बचत मोजायला का चालू नये? ठाण्यात योजना घेतलेल्या शंभर सोसायट्या आणि न घेतलेल्या तशाच शंभर सोसायट्या घ्या, नावे झाकून त्यांची बिले एखाद्या विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाला द्या. महिन्याभरात कळेल. पुढची योजना काढताना तर हे आधीच ठरवा : अर्ज जास्त आले की सोडत काढा, पहिल्या वर्षी अर्ध्यांना, दुसऱ्या वर्षी उरलेल्यांना. म्हाडाच्या घरांची सोडत काढणाऱ्या सरकारला हे अवघड नाही. आणि योजना राबवणाऱ्याने स्वतःच बचत ठरवायची ही पद्धत बंद करा. जो निष्कर्ष निघेल तो मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा प्रसिद्ध करा, आकडा लाजिरवाणा असला तरी.

मी ऊर्जा बचतीच्या विरोधात नाही. उलट ती व्हावी म्हणून जीव तुटतो. आमच्या दाराशी खोटा आकडा आला की शेजारची सोसायटी पुढच्या खऱ्या योजनेलाही दार लावून घेते. आमच्या गल्लीत ते झालेच आहे. समोरच्या इमारतीने सौर पॅनेलचा ठराव या महिन्यात फेटाळला, कारण त्यांनी आमचे हाल पाहिले.

नोटिशीची मुदत या महिनाअखेरीला संपते. त्याआधी वसुलीला स्थगिती द्यावी, कॉमन मीटरची योजनेच्या आधीची आणि नंतरची बिले तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लेखी कळवावे, आणि हप्ता चार हजार युनिटांच्या हिशेबाने नव्याने ठरवून द्यावा. बिलांच्या साक्षांकित प्रती या पत्रासोबत रजिस्टर पोस्टाने वेगळ्या पाठवल्या आहेत. पुढच्या रविवारी आमची विशेष सर्वसाधारण सभा आहे. तिथे सभासद मला विचारणार आहेत की पैसे भरायचे की कोर्टात जायचे, आणि तुमचे उत्तर माझ्या हातात हवे आहे.

आपली,
एक खजिनदार आणि निवृत्त शिक्षिका
वर्तकनगर, ठाणे