खाणाऱ्यांना घाबरवलंत, कापणाऱ्यांना विसरलात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माशांमधल्या मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूची कालची बातमी वाचली. सोबत फोटो ताटातल्या तळलेल्या तुकड्यांचा! आज सकाळी आमच्या वहिनीच्या पाटीसमोर थांबून रोजची गिऱ्हाइकं "चिलापी खावी का?" विचारून न घेताच गेली. शिजवलेला मासा खाऊन त्याचा, कातडीवर गाठी येण्याचा रोग होत नाही. हा जंतू शिरतो तो हाताच्या जखमेतून. मासे कापणारीच्या, जाळं ओढणाऱ्याच्या, घरातली शोभेच्या माशांची टाकी धुणाऱ्या पोराच्या हातातून. त्यांच्यासाठी बातमीत एक ओळ नाही, याचा मला राग आला आहे.

माझा थोरला भाऊ उजनी धरणातला मासा विकतो. चिलापीच्या पाठीवरचे काटे रोजच टोचतात, त्याकडे कोण बघतं? तर्जनीवर जांभळट गाठ आली. फार दुखेना, पण बरीही होईना. मग तिथून मनगटाकडे एका रांगेत आणखी गाठी चढल्या. एका दवाखान्यात चामखीळ म्हणून कापली, दुसरीकडे वात म्हणून सांध्यात इंजेक्शन दिलं. साध्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर किती पैसे गेले, हिशेब नाही. पण धंदा काय करता, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नखाशी चिकटलेलं खवलं बघितलं आणि लगेच विचारलं, "मासे कापता का?" त्यांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि लॅबला मुद्दाम कळवलं, की तो तीस अंशाच्या आसपास ठेवा. नेहमीच्या सदतीस अंशांत हा जंतू नीट वाढतच नाही. त्याला गारवा मानवतो, म्हणून तो बहुधा हातापायांच्या कातडीतच राहतो.

हा जंतू क्षय आणि कुष्ठरोगाच्या जंतूंच्या घराण्यातला. एवढं कानावर पडलं आणि घरात भावाचं ताट वेगळं झालं. माणसाकडून माणसाला हा रोग लागत नाही, हे समजावता समजावता वहिनीचा जीव मेटाकुटीला आला. औषध कित्येक महिने चाललं. बोट वाचलं, पण अजून पूर्ण वाकत नाही.

आणि हा काही आजचा शोध नाही. 1926 साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत हा जंतू सापडला. 1951 मध्ये स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावावरून माणसांना झालेला संसर्ग नोंदला गेला. मग उजनीच्या माशांवर पोट भरणाऱ्या आमच्या जिल्ह्यात तो डॉक्टरांना चटकन का आठवू नये?

काटा टोचला की वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवा, हे सांगणं सोपं आहे. उजनी भरली तरी शहरात नळाला काही दिवसांआड पाणी. पाटीवर बसणाऱ्या बायका दिवसभर एकाच टपातल्या पाण्यात मासे धुतात आणि हातही. विक्रीच्या जागी नळ द्या, असं पत्र मी मागेही आपल्याकडे पाठवलं होतं. ते छापलं गेलं नाही.

आता निदान एवढं करा. ही बातमी पुन्हा द्या आणि फोटो कापणाऱ्या हाताचा छापा. जाड हातमोजे घाला, जखम असेल तर माशांच्या पाण्यात हात घालू नका, आणि गाठ बरी होत नसेल तर डॉक्टरांनी न विचारताही "मी मासे कापते" हे आधी सांगा, असं ठळक अक्षरांत लिहा. वहिनी आणि तिच्या शेजारच्या बायकांना मी ते वाचून दाखवीन.

आपली,
एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर