निवृत्त साहेबांनी आधी सेवेचा हिशेब द्यावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालेले आमच्या भागातील एक गृहस्थ विधानसभा लढविण्याच्या तयारीत असल्याचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. पुढची निवडणूक नियमाप्रमाणे 2029 मध्ये व्हायची असली, तरी वाढदिवसाचे फ्लेक्स, देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आणि कोणाच्याही उत्तरकार्याला आवर्जून हजेरी, हा नेहमीचा क्रम आतापासूनच सुरू झाला आहे. निवृत्त माणसाने निवडणूक लढवू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. साखर कारखाना, दूध संघ, बँक आणि शिक्षणसंस्था यांच्या वाटेनेच आमदारकीकडे जाण्याची रीत असलेल्या सांगली जिल्ह्यात खात्याचा कारभार आतून पाहिलेला माणूस पुढे येत असेल, तर तो हवाच आहे. मात्र असा माणूस मते मागायला येतो तेव्हा त्याने आपल्या सेवाकाळाचा हिशेब मतदारांपुढे ठेवला पाहिजे, आणि तो मागण्याची आपल्याला सवय नाही, म्हणून हे पत्र.

प्रशासनातून राजकारणात येणे आपल्या भागाला नवे नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात श्रीनिवास पाटील भारतीय प्रशासकीय सेवेतून बाहेर पडून 1999 मध्ये कराडमधून लोकसभेवर गेले, पुढे सिक्कीमचे राज्यपाल झाले आणि 2019 च्या पोटनिवडणुकीत साताऱ्यातून पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी माण विधानसभा मतदारसंघात माजी विभागीय आयुक्त प्रभाकर देशमुख अपक्ष लढून दुसऱ्या क्रमांकावर राहिले. मला यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. कारण मोठ्या पक्षाचे चिन्ह नसतानाही निवृत्त अधिकाऱ्याला लोक गांभीर्याने घेतात, हे तिच्यावरून दिसते.

कायद्याने मात्र अशा उमेदवाराला फारसे काही विचारलेले नाही. आयएएस, आयपीएस अशा अखिल भारतीय सेवेतील अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी कंपनीत नोकरी धरायची तर शासनाची परवानगी लागते, पण निवडणुकीला उभे राहण्यासाठी एक दिवसही थांबावे लागत नाही. मध्ये काही काळ जावा अशी मागणी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. हा विषय कायदेमंडळाचा आहे, असे सांगून न्यायालयाने त्यात हात घातला नाही. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना 26 मधील प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, कर्ज, उत्पन्नाचे स्रोत, शिक्षण आणि फौजदारी खटले यांची माहिती द्यावी लागते. सेवेत असताना कोठे काय काम केले, विभागीय चौकशी झाली होती का, झाली असल्यास तिचे पुढे काय झाले, हे रकाने त्यात नाहीत. ते मतदारांनीच भरून घ्यावे लागतील.

अलीकडेच एका सत्कार समारंभात या गृहस्थांपुढे हा प्रयत्न झाला, तो सांगण्यासारखा आहे. भाषणे संपून फेटे सुटायच्या बेतात असताना मागच्या रांगेतील एका वयस्कर शेतकऱ्याने उभे राहून विचारले, "सायेब, तुमी खात्यात असताना आमच्या टेलला (म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला) पानी का आलं न्हाई?" साहेबांनी क्षणभर थांबून उत्तर दिले, "तेव्हा माझे हात बांधलेले होते." कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजविल्या आणि विषय संपला. माझ्या मते तो तेथून सुरू व्हायला हवा होता. हात कोणी बांधले होते? मंत्रालयाने, ठेकेदाराने, की वरच्या भागातील वजनदार बागायतदारांनी? ज्याला हे ठाऊक आहे तोच उद्या सभागृहात ती गाठ सोडवू शकेल. आणि जो आज निवृत्तिवेतन घेत असतानाही ते सांगायला तयार नाही, तो आमदार झाल्यावर सांगेल यावर विश्वास कसा ठेवावा?

ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या नदीचे पाणी पंपाने उचलून शेतीला देणाऱ्या तिन्ही उपसा योजनांचे दुखणे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मूळ अंदाजपत्रक एक आणि सुधारित प्रशासकीय मान्यता घेत घेत झालेला खर्च भलताच, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. पंपांच्या वीजबिलाचा 81 टक्के भार शासनाने आणि 19 टक्के लाभधारकांनी उचलायचा, असे ठरल्यावरही आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार, किती दिवस चालणार आणि वितरिकेच्या शेवटच्या दारापर्यंत पोहोचणार का, याची हमी शेतकऱ्याला मिळत नाही. पंप, जलवाहिन्या आणि अस्तरीकरण यांच्या देखभालीला पैसे वेळेवर का मिळत नाहीत, पाणीपट्टी कोणाकडून वसूल होते आणि कोणाकडून होत नाही, ही माहिती अशा अभियंत्याला तोंडपाठ असते. अर्थसंकल्पातील तरतूद आणि प्रत्यक्ष वितरित निधी यांतील फरकावर मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागेल असा तारांकित प्रश्न टाकणे, आवर्तन लांबले की सभागृहात लक्षवेधी सूचना मांडणे, सरकारी खर्च तपासणाऱ्या विधिमंडळाच्या लोकलेखा समितीत महालेखापरीक्षकांचा (कॅग) अहवाल समोर ठेवून सचिवांना उत्तर द्यायला लावणे, हे आमदाराचे खरे काम, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान या गृहस्थांकडे आहे. असे असताना ते गावोगावी सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिव्यांचीच आश्वासने देत फिरत आहेत, याचे मला नवल वाटते. तेवढ्यासाठी अभियंता कशाला हवा?

आणखी एक अवघड प्रश्न पैशाचा आहे. विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे, आणि एवढी रक्कम केवळ निवृत्तिवेतनातून उभी राहत नाही. सेवेत असताना ज्यांची बिले मंजूर केली तेच ठेकेदार प्रचाराच्या गाड्यांत डिझेल भरणार असतील, तर ते आधीच कळलेले बरे. निवृत्त डॉक्टर, प्राध्यापक किंवा पोलीस अधिकारी उभे राहिले तरी मी हेच विचारीन.

आपल्या वार्ताहरांनी अशा प्रत्येक इच्छुकाकडून त्याच्या नेमणुकांची ठिकाणे, हाताळलेली प्रमुख कामे, त्यांचा मूळ व अंतिम खर्च आणि चौकशा असल्यास त्यांचा निकाल लेखी मागवावा व जसाच्या तसा छापावा, अशी विनंती आहे. कोणी उत्तर दिले नाही, तर तेही त्याच्या नावापुढे छापावे.

आपला,
एक लाभधारक शेतकरी, जि. सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)