बुधवारचे नवे अंक : याद्या पाठवा

मित्रहो,

येत्या बुधवारी नवे कॉमिक्स येत आहेत. २०२० पासून डीसीचे (बॅटमॅन-सुपरमॅनच्या प्रकाशकांचे) अंक मंगळवारी यायचे. जुलै २०२४ पासून तेही पुन्हा बुधवारी येतात. म्हणजे दोनदा यादी करायची कटकट संपली.

- आपली निवड मंगळवारी रात्री नऊपर्यंत ग्रुपवर टाका. प्रत्येकी तीनच अंक. (मागच्या खेपेला एकाने सतरा टाकले. ती यादी नव्हे, कपाट होतं!)
- व्हेरिएंट कव्हर घेण्याआधी अंकाचा क्रमांक बघा. मुखपृष्ठ बदललं तरी आतली गोष्ट तीच असते.
- शुक्रवार रात्रीपर्यंत कथानक फोडू नका. शेवटच्या पानाचा फोटो तर अजिबात नको.

मालिकेचा पहिला अंक सुचवत असाल तर तसं आवर्जून लिहा; नवे सदस्य तेच शोधत असतात.