अकरा पांढऱ्या डोळ्यांच्या मुली

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय मंजू,

तुझा फोन आला तेव्हा माझ्यासमोर बेशुद्ध माशांचा ढीग होता आणि त्या शुद्धीवर यायच्या आत मोजायच्या होत्या, म्हणून उचलला नाही. माशा म्हणजे पिकल्या केळ्यांवर बसतात ती चिलटं गं. एवढं शिकून मुलगी रवा-गूळ शिजवते, तोही चिलटांसाठी, हे आईला अजून पचलेलं नाही.

या वेळचा संकर असा: मादी पांढऱ्या डोळ्यांची, लांब पंखांची, नर लाल डोळ्यांचा, खुरट्या पंखांचा. पांढरा डोळा आणि खुरटा पंख दोन्ही अप्रभावी, म्हणजे जोडीला लाल डोळ्याचं किंवा लांब पंखाचं जनुक असलं की दबून जाणारे. डोळ्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर; मादीत असे दोन एक्स, नरात एकच. मुलग्याला एक्स आईकडूनच येतो, म्हणून मुलगे झाडून सगळे पांढऱ्या डोळ्यांचे. मुलींना बापाचाही एक्स मिळतो, त्या सगळ्या लाल. पंखांचं जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर, त्याला नर-मादीचं सोयरसुतक नाही. पहिल्या पिढीत सगळे लांब पंखांचे. हे मी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं.

आणि 93 मुलींत 11 निघाल्या पांढऱ्या डोळ्यांच्या!

खोटं कशाला सांगू, मला आधी कॅल्विन ब्रिजेस आठवला. याच चिलटांवर आनुवंशिकता शोधणाऱ्या मॉर्गनच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलेला पोरगा. आईचे दोन्ही एक्स कधीकधी वेगळे न होता एकाच अंड्यात जातात आणि मग अशी पांढऱ्या डोळ्यांची मुलगी जन्मते, हे त्याने 1916 मध्ये सविस्तर मांडलं. पण ते हजार-दोन हजारांत एखादीचं. शिवाय मग आईच्या एक्सविना राहिलेल्या अंड्यातून, बापाचा एक्स घेऊन, लाल डोळ्यांचा एखादा मुलगाही दिसायला हवा. माझ्याकडे एक नाही.

दुसरी शक्यता लाजिरवाणी. कोषातून निघालेली मादी आठ तासांच्या आत वेगळी काढायची असते, नाहीतर बाटलीतल्या भावांशीच (तेही पांढऱ्या डोळ्यांचे, लांब पंखांचे) तिचं जुळतं आणि ते वीर्य ती साठवून ठेवते. त्या दिवशी मी उशिरा पोचले होते.

सोक्षमोक्ष पंखांनी लावला. अकरांतल्या तीन अगदी ताज्या, अंगावर रंगही न चढलेल्या. त्या खुरट्या पंखांच्या नरांसोबत ठेवल्या. ब्रिजेसच्या जातीच्या असत्या तर बापाचं खुरटं जनुक त्यांच्यात लपलेलं असतं आणि निम्मी पोरं खुरटी निघाली असती. मामाच बाप असेल तर सगळी लांब पंखांची.

बारा दिवस वाट पाहिली. काल 140 मोजल्या. खुरटी एकही नाही.

वहीत लाल शाईने ‘मादी कुमारी नव्हती’ असं लिहिलं आणि सगळं पुन्हा मांडलंय. आता रोज सकाळी सातला बाटल्या रिकाम्या करायच्या, तेव्हा शनिवारी रात्रीचा सिनेमा नको, दुपारचा बघ.

तुझी,
चिलटवाली