गोष्टींच्या तासात सगळीच पोरं दिसू देत

संपादक महोदय,
आपल्या कोकणात काही वाचनालयं छोट्यांसाठी गोष्टींचा तास घेतात, खूप चांगलं आहे, पण गोष्टी त्याच त्या, राजा-राणी नाहीतर शहरातल्या फ्लॅटमधल्या. समोर मच्छीमार खारव्यांची, मोहल्ल्यातली, आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातली पोरं बसलेली असतात, त्यांना गोष्टीत आपल्यासारखं कोणी भेटतच नाही. मालवणीत, संगमेश्वरीत, कातकरी बोलीत सांगा ना गोष्ट! मच्छी विकणाऱ्या मावशींना बोलवा, त्यांच्याकडे काय कमी गोष्टी आहेत का?

आणि कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची, छोट्यांसाठी याहून भारी काय असणार, ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली तरी आपल्याच कितीतरी मुलांनी चित्रकथी बघितलेली नाही, हे मला फार खुपतं.

ऐकू न येणाऱ्यांसाठी खुणांची भाषा येणारं कोणीतरी, न दिसणाऱ्यांसाठी हाताला लागतील अशी चित्रं, दारात रॅम्प एवढं तरी हवंच, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे की. वाचनालयांनी येत्या मे महिन्याच्या सुट्टीपासून सुरुवात करावी ही कळकळीची विनंती.

– एक पालक, रत्नागिरी