सकाळी मूठ वळत नाही, हे कुणाला सांगायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत शुगर, बीपी, हार्ट यावर नेहमी येतं आणि ते यायलाच हवं, पण ऑटोइम्यून आजारांवर, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते त्या आजारांवर, क्वचितच काही वाचायला मिळतं आणि आलंच तर नुसती आजारांची मोठमोठी नावं असतात. आता ज्याला त्रास होतोय त्याला आजाराचं नाव कुठून माहीत असणार, त्याला फक्त आपलं काय दुखतंय तेवढं कळतं. पत्र जरा लांबलंय पण शक्यतो छापा.

माझ्या मोठ्या बहिणीचं सांगते. सकाळी उठली की तिला टूथपेस्टचं झाकण फिरवता यायचं नाही. मूठच वळायची नाही, बोटं आखडलेली, रात्री सहज निघणारी अंगठी सकाळी जागची हलायची नाही. तास-दीड तास असं चालायचं मग हळूहळू हात मोकळे व्हायचे आणि दहा वाजेपर्यंत ती नेहमीसारखी कामाला लागलेली असायची. डॉक्टरांकडे जायची संध्याकाळी, तेव्हा दाखवायला हातात काहीच नसायचं, मग पेनकिलर, कॅल्शियम आणि टेन्शन घेऊ नका. घरचेही म्हणायला लागले की आत्ता तर बरी होतीस. मीसुद्धा म्हणाले होते, त्याचं आज फार वाईट वाटतं. जवळपास वर्षभर तिने असंच अंगावर काढलं. शेवटी भाचीने एकदा सकाळी सहाला तिच्या हातांचे फोटो काढले, मूठ वळवतानाचा व्हिडिओ केला आणि तो घेऊन आम्ही रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात? रुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा ऑटोइम्यून संधिवात.

हा प्रश्न का, ते नंतर कळलं. वयाने सांधे झिजतात ते वापरले की जास्त दुखतात आणि टेकलं की बरं वाटतं, सकाळी आखडले तरी साधारण अर्ध्या तासात सुटतात. सूज येणाऱ्या संधिवातात उलटं असतं, पडून राहिलं की सांधे धरतात आणि हालचाल केली की मोकळे होतात, शिवाय बहुतेक वेळा दोन्ही हातांना सारखंच, बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं. तिशीच्या आतबाहेरच्या मुलांची कंबर महिनोन् महिने दुखत असेल, पहाटे दुखण्याने जाग येत असेल आणि उठून फिरलं की आराम पडत असेल तर तेही याच जातीचं असू शकतं, कुठेतरी लचक भरली असेल म्हणून सोडून देऊ नका.

आपलीच संरक्षण यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते, असे 80 हून जास्त आजार आहेत. त्यामुळे लक्षणं कुठेही दिसू शकतात आणि पेशंट त्वचेसाठी एका डॉक्टरकडे, डोळ्यांसाठी दुसऱ्याकडे, सांध्यांसाठी तिसऱ्याकडे फिरत बसतो आणि सगळं एकत्र कुणीच बघत नाही. यातल्याच ल्युपस नावाच्या आजाराचं घ्या ना, गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, उन्हात गेलं की वाढणारी, तोंडात वारंवार फोड आणि तेही कधीकधी न दुखणारे, केस गळणं, बारीक ताप, झोप काढूनही न जाणारा थकवा. यातलं एकेक घेतलं तर साधं वाटतं. पण लघवीला फेस यायला लागला, पायांवर सूज दिसली तर किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं, तेव्हा थांबू नका.

डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपणं आणि पाण्याचा घोट घेतल्याशिवाय कोरडा घास न उतरणं. थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होणं. सकाळी ठीक असलेली पापणी संध्याकाळपर्यंत खाली येणं, एकाचे दोन दिसणं. एका डोळ्याची नजर दोनचार दिवसांत धूसर होणं आणि डोळा फिरवला की दुखणं. हे सगळं डॉक्टरला सांगण्यासारखं आहे. आणि लहान मुलाला खूप तहान लागतेय, सारखी लघवी होतेय, वजन उतरतंय तर त्याच दिवशी शुगर बघा, टाइप 1 डायबिटीससुद्धा ऑटोइम्यूनच आहे. सोबत उलट्या किंवा जोरजोरात श्वास असेल तर सरळ इमर्जन्सीत न्या.

थायरॉईडवाल्यांनाही हे कुणी सांगत नाही की बऱ्याच जणांच्या थायरॉईडचं मूळ ऑटोइम्यूनच असतं. आणि एक ऑटोइम्यून आजार असला की दुसरा व्हायची शक्यता वाढते, घरात कुणाला असेल तरीही. बायकांमध्ये हे आजार पुरुषांपेक्षा बरेच जास्त, ल्युपसमध्ये तर दहातल्या नऊ बायका, आणि नेमकं बायकांच्याच थकव्याला आळस नाहीतर मनाचे खेळ म्हणतात, याचा मला खरंच राग येतो.

आणखी एक, कृपा करून स्वतःच्या मनाने एएनए टेस्ट (ऑटोइम्यून आजारांसाठी करतात ती रक्ताची तपासणी) करून घाबरू नका. ती चांगल्या धडधाकट माणसाचीही पॉझिटिव्ह येते. उलट आरए फॅक्टर ही संधिवातासाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह येऊनही संधिवात असू शकतो. रिपोर्टपेक्षा काय, कधी, किती वेळ होतं याला जास्त किंमत आहे, म्हणून महिनाभर एका वहीत सगळं लिहा, केसांपासून पायांपर्यंत, फोटो काढून ठेवा आणि ती एकच वही प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

ताईच्या औषधांना आता तीन वर्षं झालीत. झाकण ती स्वतः उघडते. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी राहिली, सांधा एकदा आतून खराब झाला की परत पहिल्यासारखा होत नाही असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. तेवढं अर्धं पान पुरवणीत एकदा द्या, आजारांच्या नावाने नको, त्रासांच्या नावाने द्या.

तुमची,
एक नियमित वाचक